रात्री ताप आला तर कोणाला विचारायचं?

रक्ताच्या कॅन्सरवर उपचार चालू असलेल्या मुलाला पहिल्यांदा घरी सोडतात, तेव्हा घरच्यांना वाटतं, एक मोठं संकट टळलं. आजी दारात भाकरतुकडा ओवाळून टाकते, शेजारी डोकावतात, फोनवर फोन येतात. या आनंदावर पाणी टाकायचं नाही. पण त्या दिवशी वॉर्डने आपलं बरंचसं काम तुमच्या हाती दिलेलं असतं, आणि ते कोणी नीट समजावून सांगितलेलं असतंच असं नाही. डिस्चार्जच्या कागदावर औषधांची नावं असतात. घरात निर्णय कोण घेणार, हे त्यावर लिहिलेलं नसतं.

लहान मुलांच्या कॅन्सरमध्ये सर्वांत जास्त आढळतो तो रक्ताचा कॅन्सर, आणि त्यातही डॉक्टर ज्याला ‘एएलएल’ म्हणतात तो प्रकार. दोन ते पाच वर्षं हे त्याचं नेहमीचं वय. उपचार दोन-अडीच वर्षं चालतात, कधी तीनही. चांगली गोष्ट अशी की उपचार पूर्ण झालेली बहुसंख्य मुलं आज बरी होतात. या एवढ्या काळात मूल वॉर्डात थोडं आणि घरात फार असतं. शेवटचं दीड-दोन वर्षांचं ‘मेंटेनन्स’ तर बहुतेक गोळ्यांवर, घरातच. या घरांसाठी आणि त्यांच्या भावकी-शेजाऱ्यांसाठी हे आवाहन आहे. दुसऱ्या एखाद्या मोठ्या आजाराचं मूल तुमच्या घरी असेल तर आकडे आणि औषधं बदलतील, बाकीचं फारसं बदलणार नाही.

सुरुवात तापापासून करू. बाकी सगळं विसरलात तरी हे विसरू नका.

किमोनंतर साधारण एक ते दोन आठवड्यांत मुलाचे काउंट पडतात. जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी तेव्हा नावालाच उरलेल्या असतात. एरवी ज्या तापाला आपण ‘व्हायरल असेल’ म्हणतो, त्या तापामागचा जंतू अशा मुलाच्या रक्तात काही तासांत पसरू शकतो. म्हणून थर्मामीटर 100.4 दाखवत असेल तर रात्रीचे दोन असोत की लग्नाचा मुहूर्त असो, निघायचं. काखेत मोजलेला ताप थोडा कमी दिसतो, तेव्हा आकडा त्याच्या जवळपास आला तरी वॉर्डला फोन करायचा. क्रोसिन देऊन वाट बघायची नाही, कारण ताप उतरलेला दिसतो आणि जंतू तिथेच असतात. स्टिरॉइड चालू असताना कधीकधी ताप येतच नाही. मूल नुसतं गळून जातं, हातपाय गार पडतात, हुडहुडी भरते, हाक मारली तर डोळे उघडत नाही. त्याचाही अर्थ तोच घ्यायचा. ताप गुदद्वारातून मोजायचा नाही आणि एनिमा द्यायचा नाही. तिथल्या नाजूक कातडीला ओरखडा पडला तरी जंतूंना वाट मिळते.

हे बहुतेक आयांना माहीत असतं. वॉर्डातल्या सिस्टरने दहादा बजावलेलं असतं. तरीही मुलं उशिरा पोचतात. याचं कारण अज्ञान फार थोड्या वेळा असतं, असं माझं मत आहे. कारण असतं ‘सकाळी बघू’. आई रात्री कपाळाला हात लावते, तिला कळतं. पण तिने सासूबाईंना उठवायचं, नवरा नाइट शिफ्टला, गाडी दिराची, पैसे सासऱ्यांच्या कपाटात. चौघांना विचारून होईपर्यंत उजाडतं. त्यातलं कोणीतरी म्हणतंच, ‘अगं, परवाच तर आणलं दवाखान्यातून, जरा दम धर.’ ज्या बाईच्या मांडीवर ते मूल आहे, तिच्याच हातात निघायचा अधिकार नसतो.

तेव्हा माझी पहिली आणि मुख्य विनंती आईला नाही, घरातल्या कर्त्यांना आहे. मूल घरी आलं त्याच संध्याकाळी सगळ्यांनी एकत्र बसा आणि सर्वांदेखत ठरवा की रात्री मुलाजवळ जो असेल, तो म्हणेल तेव्हा निघायचं. ती आई असेल, आजी असेल, मावशी असेल. तिने कोणाची परवानगी घ्यायची नाही, फक्त सांगायचं. दहा वेळा निघालात आणि नऊ वेळा काही निघालं नाही, तरी परत आल्यावर तिला कोणी ‘उगाच धावपळ केलीस’ असं एका शब्दाने म्हणायचं नाही. एकदा असं ऐकलेली बाई पुढच्या वेळी तासभर थांबते, आणि तो तास महागात पडतो.

एवढं ठरलं की बाकीची तयारी सोपी. एक पिशवी भरून दाराशी. तिच्यात फाईल, शेवटचा रक्ताचा रिपोर्ट, मुलाचे दोन कपडे, पाण्याची बाटली, चार्जर आणि रोख पैसे. हे पैसे गॅस सिलिंडरला वापरायचे नाहीत, दुधाच्या बिलालाही नाहीत. रिक्षावाला किंवा गाडीवाला एक ओळखीचा आणि एक राखीव, दोघांना आधी सांगून ठेवलेलं. कोणीच मिळालं नाही तर 108. वॉर्डचा फोन नंबर घरातल्या प्रत्येक मोबाईलमध्ये तर हवाच, शिवाय भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिलेला, कारण ऐन वेळी मोबाईलची बॅटरी उतरलेली असते.

मूल बीडचं किंवा वाशीमचं आणि उपचार परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात, अशी घरं हजारो आहेत. त्यांनी तापाच्या रात्री मुंबईची बस धरायची नाही. घरी सोडतानाच डॉक्टरांकडून तुमच्या जिल्ह्यातल्या डॉक्टरांच्या नावे चिठ्ठी मागून घ्या. मुलाला काय झालंय, कोणती किमो चालू आहे, ताप आल्यास कोणतं अँटिबायोटिक शिरेतून लगेच सुरू करायचं, एवढं तिच्यात असावं. ती चिठ्ठी घेऊन जवळच्या बालरोगतज्ज्ञांना किंवा सिव्हिलमध्ये आधीच एकदा भेटून या. आणि तापाच्या रात्री कॅज्युअल्टीत पोचलात की रांगेत उभं राहू नका. मोठ्याने सांगा, ‘किमो चालू आहे, ताप आलाय.’ पोचल्यापासून तासाभरात पहिलं अँटिबायोटिक जायला हवं. इथे भिडस्तपणा कामाचा नाही.

त्याच डॉक्टरांना आणखी एक सांगून ठेवायचं, की कमरेत इंजेक्शन देऊ नका. प्लेटलेट कमी असताना स्नायूत सुई टोचली तर आत रक्त साकळतं. आयबुप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन या गोळ्याही अशा मुलांना चालत नाहीत. नाकातून रक्त आलं तर मुलाला बसवा, मान पुढे वाकवा, नाकाचा मऊ भाग चिमटीत दहा मिनिटं न सोडता धरून ठेवा. मान मागे टाकून कांदा हुंगवणं सोडा. अंगावर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके उठले, शी काळी झाली, डोकं फार दुखून उलट्या सुरू झाल्या, तर तीही निघायचीच वेळ.

आता औषधं. मेंटेनन्समध्ये एक गोळी रोजची असते आणि मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच. ‘आठवड्यातून एकदा’ची गोळी चुकून रोज गेल्याने माणसं दगावलेली आहेत, मोठी माणसंसुद्धा. म्हणून या गोळीचा वार एकच ठेवा आणि तो घरात सगळ्यांना पाठ असू द्या. न्यूमोनियापासून बचावाची को-ट्रायमॉक्साझोल बहुधा आठवड्यातले दोन-तीन दिवस असते, तिचे वार वेगळे. कालनिर्णय भिंतीवर असतंच. दिलेल्या गोळीवर पेनाने खूण करा, म्हणजे आईने दिली का बाबांनी, हा घोळ होत नाही. गोळी दिल्यावर मूल ओकलं तर आपल्या मनाने दुसरी द्यायची नाही, फोन करून विचारायचं. केमिस्टने ‘तीच आहे, कंपनी वेगळी’ म्हणून दुसरी स्ट्रिप दिली, तर मिलिग्रॅमचा आकडा जुन्या स्ट्रिपशी ताडून बघा. या गोळ्या उघड्यावर कुटू नका आणि घरातल्या गरोदर बाईने त्यांना हात लावू नये. किमोनंतर दोन दिवस मुलाची शी-शू, उलटी साफ करताना हातमोजे घाला.

व्हिन्क्रिस्टीन या इंजेक्शननंतर मुलांना बद्धकोष्ठ होतो, जबडा दुखतो, पाय लटपटतात. घरातलं कोणीतरी म्हणतं, आळशी झालाय, चालत नाही. तो आळशी नाही, डॉक्टरांना सांगा.

आता पाहुण्यांकडे वळतो, आणि इथे जरा कडवटपणा आला तर माफ करा. आजारी माणसाला ‘बघायला’ जाणं ही आपल्याकडे माणुसकीची रीत आहे आणि न जाणाऱ्याच्या नावाने वर्षानुवर्षं बोललं जातं. म्हणून सर्दी झालेला काका येतो, कालच कांजिण्या उतरलेल्या नातवाला घेऊन आत्या येते, चार बायका पलंगाभोवती बसतात, मुलाच्या गालाला हात लावतात, केस गेलेले बघून पदर डोळ्यांना लावतात आणि त्याच्यादेखत म्हणतात, ‘काय गं हे नशीब पोराचं!’ चहा आईनेच करायचा. तिची दुपारची तासाभराची झोप गेली, मुलाच्या पदरात एक जंतू पडला, आणि भेट देणाऱ्याच्या मनाला कर्तव्य केल्याचं समाधान.

तुमचं त्या मुलावर प्रेम असेल तर काउंट कमी असताना दारातून परत जा. करण्यासारखं भरपूर आहे. मोठ्या भावाला शाळेतून आणा, त्याचा गृहपाठ घ्या, त्याला रविवारी क्रिकेटला न्या. त्या भावाला वाटत असतं की घरात आता आपण कोणीच नाही, आणि कधीकधी असंही वाटतं की आपण भांडताना ढकललं म्हणून हा आजारी पडला. रेशनच्या रांगेत उभे राहा. लाईटचं बिल भरा. रक्तपेढीत जा. या मुलांना रक्त आणि प्लेटलेट पुन्हापुन्हा लागतात, आणि प्लेटलेट पिशवीत फार तर पाच दिवस टिकतात, म्हणून रक्तदात्यांची गरज संपत नाही. आणि एखाद्या रात्री आईला म्हणा, ‘आज मी बसते त्याच्याजवळ, तू झोप.’ असं म्हणणाऱ्या बाईला सर्दी-खोकला नसावा आणि तिला थर्मामीटर वाचता यावा, एवढंच.

आईबापांना ‘येऊ नका’ म्हणणं जड जातं. मग दोष डॉक्टरांवर ढकला. ‘डॉक्टरांनी मनाई केलीय’ ही पाटी दारावर लावली तर कोणाचा मान जात नाही. वॉर्डातले डॉक्टर हा दोष आनंदाने घेतात.

कांजिण्या आणि गोवर यांचं मात्र गांभीर्य वेगळं. घरात, वाड्यात, शाळेत कोणाला निघाल्या आणि मूल त्याच्या जवळ होतं असं कळलं, तर त्याच दिवशी वॉर्डला कळवा, पुरळ उठायची वाट पाहू नका. संपर्कानंतरच्या पहिल्या तीन-चार दिवसांत दिलेलं संरक्षण कामाला येतं. मुलाला जिवंत जंतूंच्या लसी या काळात देत नाहीत. पल्स पोलिओच्या रविवारी बूथवरच्या ताईंना तसं स्पष्ट सांगा, आणि घरातल्या धाकट्या भावंडाला तोंडावाटे डोस द्यायचा की इंजेक्शन, हेही आधी डॉक्टरांना विचारून घ्या.

घर स्वच्छ ठेवा, पण फिनेलच्या वासाने मुलाचा जीव गुदमरेल इतकं नको. सगळ्यात मोठं काम हात धुण्याचं, आणि ते साबणाने. गावाकडच्या घरात जमीन शेणाने सारवायचं या काळापुरतं बंद करा. कडब्याच्या गंजीशेजारी, शेजारच्या बांधकामाच्या धुळीत मुलाला खेळू देऊ नका. ओलसर कडब्यात आणि धुळीत बुरशी असते, आणि या मुलांच्या फुप्फुसाला बुरशीचं भय मोठं.

खाण्याबद्दल घराघरांत जेवढी भांडणं होतात तेवढी गरज नाही. ताजं शिजवलेलं, गरम, घरचं. मऊ भात, वरण, तूप, खिचडी, उपमा, पूर्ण उकडलेलं अंडं, उकळलेलं दूध, सोलून खायची केळं-संत्री-मोसंबी. पाणी उकळून गार केलेलं. कच्ची कोशिंबीर, हिरवी चटणी, पाणीपुरी, बर्फाचा गोळा हे नंतर. तोंड आलं असेल तर तिखट-आंबट बंद, मऊ आणि थंडसर द्या, दर जेवणानंतर मिठाच्या पाण्याने चूळ भरायला लावा. स्टिरॉइडच्या आठवड्यांत हेच मूल रात्री दोनला उठून ‘बटाट्याची भाजी दे’ म्हणून रडतं, तोंड फुगतं, क्षणात हसतं, क्षणात मारतं. ते औषध बोलतंय. मीठ आणि साखर बेताची ठेवा, भाजी करून द्या, वळण लावायचं पुढच्या महिन्यात.

आजीच्या उपायांविषयी सांगायचं तर दृष्ट काढायला माझी काही हरकत नाही, फक्त मिरच्यांचा धूर मुलाच्या नाकात जाऊ नये. अंगारा कपाळाला लावा, जिभेवर ठेवू नका. पपईच्या पानांचा रस मात्र नको. डेंग्यूत कोणी दिला असेल, इथे प्लेटलेट किमोमुळे पडलेल्या असतात. काढे, भस्मं, गुळवेल यातलं काही चालू असेल तर ते डॉक्टरांपासून लपवू नका. किमोच्या औषधांशी त्यांचं जमत नाही असं होऊ शकतं, आणि लपवलेलं औषध शोधता येत नाही. डॉक्टर रागावले तर रागावू द्या.

मुलाशी काय बोलायचं? खरं बोलायचं, त्याच्या वयाला झेपेल एवढं. ‘तुझ्या रक्तात खराब पेशी झाल्यात, हे औषध त्यांना काढतं, म्हणून केस जातात, मग परत येतात.’ चार वर्षांच्या मुलाला कोणी काही सांगितलं नाही तर ते स्वतःच कारण शोधतं, आणि बहुधा त्याला वाटतं की आपण हट्ट केला म्हणून ही शिक्षा. ‘जेवला नाहीस तर डॉक्टरकाका सुई देतील’ हे वाक्य या घरात कोणी उच्चारू नये. ज्याला खरोखर सुई घ्यायची आहे, त्याला सुई ही शिक्षा वाटली की पुढची दोन वर्षं कठीण जातात. सुई दुखणार असेल तर ‘दुखणार नाही’ म्हणू नका. थोडं दुखेल, मी हात धरतो, म्हणा.

काही घरांत असा दिवस येतो की डॉक्टर सांगतात, आता किमोचा उपयोग नाही. तेव्हाही करायचं बरंच उरतं. दुखणं थांबवता येतं. लहान मूल ‘दुखतंय’ म्हणतच असं नाही. ते गप्प होतं, एका कुशीवर पडून राहतं, उचलायला गेलं की आक्रसतं. मॉर्फिनचं नाव ऐकून घाबरू नका. डॉक्टरांनी ठरवलेल्या मापात ते व्यसनही लावत नाही आणि मूल लवकर नेतही नाही. ते घड्याळावर द्यायचं असतं, दुखायला लागायची वाट पाहून नाही, आणि सोबत पोट साफ होण्याचं औषध लागतंच. यासाठी वेगळे डॉक्टर असतात, त्यांना पॅलिएटिव्ह केअरचे म्हणतात. पुण्यात वारज्याला सिप्ला फाउंडेशनचं केंद्र 1997 पासून विनामूल्य चालतं, मुंबईत वांद्र्याला शांती आवेदना सदन 1986 पासून आहे आणि गोव्यातही त्याची शाखा आहे. टाटातही हा विभाग आहे. त्यांची वेळ अगदी शेवटी येते असं समजू नका, दुखणं सुरू झालं की विचारा. आणि मूल घरीच राहावं असं ठरलं असेल, तर गावातल्या डॉक्टरांना फाईल आधी दाखवून ठेवा, म्हणजे नको त्या वेळी कागदपत्रांसाठी दारोदार हिंडावं लागत नाही.

राहिला पैसा. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार येतात, रेशनकार्ड आणि आधार घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला गाठा. धर्मादाय रुग्णालयांना काही खाटा गरिबांसाठी मोफत आणि सवलतीत राखून ठेवाव्या लागतात, तिथे समाजसेवकाला विचारा. रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला आणि सोबतच्या एकाला तिकिटात सवलत आहे, त्यासाठी डॉक्टरांचा ठराविक नमुन्यातला दाखला लागतो. मुंबईत राहायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आहे, परळला नाना पालकर स्मृती समिती आहे, आणि कॅन्सरच्या मुलांच्या कुटुंबांसाठी सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स 2006 पासून विनामूल्य खोल्या देतात. यातलं काहीच आपोआप चालून येत नाही, मागावं लागतं. मागताना लाजू नका.

तरीही काही घरं मध्येच उपचार सोडतात. मूल पहिल्या दोन महिन्यांतच टुणटुणीत दिसायला लागतं, केस येतात, तिकडे पेरणीची वेळ झालेली असते, आणि बापाला वाटतं, झालं की बरं. रिपोर्टात आजार दिसेनासा झाला तरी पेशी लपून असतात. पुढची दोन वर्षं त्यांच्यासाठीच आहेत. सोडलेला आजार परत येतो तेव्हा आधीपेक्षा चिवट असतो.

तुम्ही मध्येच सोडलं असेल, तारखा चुकल्या असतील, वर्ष उलटलं असेल, तरी मुलाला घेऊन रुग्णालयात या. ओरडतील म्हणून टाळू नका. कोणी ओरडलंच तर एका कानाने ऐका आणि थेट समाजसेवा विभागात जा. फाईल पावसात भिजली असेल, हरवली असेल, तरी केस नंबर सांगा, तोही आठवत नसेल तर मुलाचं नाव आणि पहिल्यांदा आलात तो महिना सांगा. बाकीचं ते शोधतात.